दसूकी कुंभाराचा उजवा पाय

दसूकी कुंभार दवाखान्याच्या दारात पोचण्याआधी त्याच्या पायाचा वास आत आला. मी लसींच्या बाटल्या बर्फात लावत होते. वाटलं, कपाटामागं मांजर मेलं असणार. झाडू घेऊन मी कपाटाखाली वाकून बघत होते, तेवढ्यात बायकोच्या खांद्यावर भार टाकून, लंगडी घालत दसूकी आत आला. आधी त्यानं हात झग्याला पुसला, मग छातीवर ठेवून मला सलाम केला, खुशाली विचारली, माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली. उजव्या पायाला गुंडाळलेल्या फडक्यातून फरशीवर थेंब गळत होते आणि हा माणूस माझ्या बहिणीचा गुडघा विचारत होता.

मी अवातिफ. या गावच्या सरकारी दवाखान्यात सत्तावीस वर्षं नर्स आहे. लोक मला 'हकीमा' म्हणतात, म्हणजे डॉक्टर नसला की मी डॉक्टर आणि डॉक्टर असला की हमाल. खरं सांगते, मला घाण सोसत नाही. लहानपणी घरची म्हैस व्याली तेव्हा वार पडताना बघून मी दोन दिवस जेवले नव्हते. पण नर्सिंगच्या शाळेतून बाहेर पडलं की सरकारी नोकरी ठरलेली, म्हणून वडिलांनी घातलं आणि मी गेले. सत्तावीस वर्षांत एक विद्या मात्र पक्की शिकले. श्वास रोखून धरायचा आणि तो संपायच्या आत काम संपवायचं. तोंडावर मास्क, मास्कवर ओढणीचं टोक आणि हात झपाझप. गावात सगळे म्हणायचे, हकीमाचा हात फार चलाख.

फडकं सोडलं तर आत कॉफीच्या पुडीचा काळा पापुद्रा बसलेला. आमच्याकडे कापलं, सोललं, फुटलं की आधी कॉफीची पूड, डॉक्टर नंतर. तो पापुद्रा मी चिमट्यानं उचलला. अंगठ्याच्या बुडाशी तळव्याला भोक होतं, माझं बोट सहज आत जाईल एवढं. कडा पांढऱ्याफटक, आत हिरवट पिवळं, आणि त्या पिवळ्यात काहीतरी वळवळत होतं. अळ्या होत्या. मी तोंड दाराकडे करून एक श्वास घेतला आणि पुन्हा वाकले.

किती दिवस झाले म्हणून विचारलं, तर त्याची बायको फिक्रिया म्हणाली, पंधरा असतील, वीस असतील. चटईवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कुठं कळलं. तिला आधी वाटलं होतं, बदक कापून कुणीतरी घरातून चालत गेलं.

मडक्याची खापरी घुसली होती. ती पायात ठेवूनच तो चार दिवस काम करत होता. साखरेच्या आजारानं अकरा वर्षांत त्याच्या दोन्ही पायांची जाणीव खाऊन टाकली होती. दसूकीला त्याचं कौतुकच. "पाय शहाणा झालाय हकीमा," तो हसून म्हणाला, "कशाची म्हणून तक्रार करत नाही." यावर मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फिक्रिया मान खाली घालून ऐकत राहिली, आणि तो मात्र, ओरडणाऱ्या माणसाला दम लागतो म्हणून की काय, मला म्हणाला, बसा, पाणी प्या.

आमचं गाव कुंभारांचं. नदीच्या काठानं भट्ट्यांची रांग आहे आणि त्यांच्या धुरानं आमचे वाळत घातलेले कपडे कधी पांढरे राहिले नाहीत. दसूकी सात वर्षांचा असताना बापानं त्याला माती तुडवायला उतरवलं, बाराव्या वर्षी चाकावर बसवलं. आमचं चाक पायानं फिरतं. खाली जड लाकडी तबकडी, तिला उजव्या पायानं ढकलत राहायचं, वरच्या लहान तबकडीवर हात माती वर काढतात. पंचेचाळीस वर्षं तो पाय असा चालला. त्यामुळे त्याचा उजवा पंजा डाव्यापेक्षा बोटभर रुंद झाला होता, बोटं फाकली होती. बाजारातला चांभार त्याच्या पायताणाची दोन वेगळी मापं घ्यायचा आणि म्हणायचा, उस्ता, तुमचा एक पाय बापाचा आणि एक आईचा. आमच्याकडे कारागिराला उस्ता म्हणतात. पण इथं बाकीचे कुंभार नुसत्या नावाचे उस्ता, दसूकी खरा. त्याचा रांजण घ्यायला आलेल्या बायका बोटाच्या पेरानं टकटक करून बघायच्या आणि दुसरा बघायलासुद्धा मागायच्या नाहीत. माझ्या घरी आहे त्याचा एक. उन्हाळ्यात त्यातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवतात.

आणि अशा माणसाला अक्कल म्हणाल तर नाही. पेलाभर चहात चार चमचे साखर. गोळ्या घ्यायच्या त्या तोंड गोड असलं की घ्यायच्या, म्हणजे कडू लागत नाहीत. आपल्याला काही दुखत नाही म्हणजे आपण बरे, हे त्याचं वैद्यक. तीन मुली लग्न होऊन गेल्या, धाकटीचा नवरा सब्री त्याच्या हाताखाली काम करायचा. जावयाचे रांजण सगळे एका कुशीवर झुकलेले. दसूकी त्याला कधी बोलायचा नाही, नुसता तो रांजण भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

मी त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं साखरेच्या पायांचा वेगळा विभाग आहे. डॉक्टर हातिम तरुण, विद्यापीठातून नुकताच आलेला, बोलताना पेन टकटकवायची खोड. त्यानं जखम धुतली, मेलेलं मांस कापून काढलं, हाडाचा फोटो घेतला आणि म्हणाला, हाड अजून शाबूत आहे. दोन वाटा आहेत. एक म्हणजे अंगठ्यासकट अर्धा पंजा आत्ताच काढायचा. दुसरी म्हणजे एक नवीन पट्टी लावून बघायची. पंजा गेला तर चाक गेलं, हे डॉक्टरला कुणी सांगावं लागलं नाही. दसूकी दोन्ही हातांनी तो पाय धरून बसला होता, अंगावरचं पोर धरावं तसा.

त्या पट्टीला हायड्रोजेल म्हणतात. मी जेली म्हणते. खरवसाची पातळ वडी असते ना, तशी, पण आरपार दिसणारी, बोटाला गार लागणारी. जखमेत तिचा तुकडा बसवायचा, वरून पातळ कापड. जेली पू पिते, जखम ओलसर ठेवते, आणि आत चांदीचा अंश असतो तो जंतू मारतो. डॉक्टर हातिमनं मला समोर बसवून शिकवलं. "मिस अवातिफ, खपली धरू द्यायची नाही. खपलीखाली पू कोंडतो. नवं मांस ओलाव्यातच धरतं. तीन दिवसांनी जेली बदलायची, एक दिवस पुढं ढकलायची नाही. आणि हे त्याला दर वेळी समजावून सांगा. या लोकांना ओल म्हणजे सडणं वाटतं. न समजता माणूस पट्टी अंगावर ठेवत नाही." त्यानं सूचनांचा एक कागदही दिला. दर तीन दिवसांनी शहरात येणं दसूकीला झेपणारं नव्हतं, म्हणून जेलीची पेटी माझ्या हातात पडली. सगळं नशीब माझंच.

तेव्हापासून दर तीन दिवसांनी मी त्याच्या घरी जायची. घर म्हणजे भट्टीच्या समोरच्या दोन खोल्या, अंगणात बदकं, बदकांची घाण, घाणीवर माश्या आणि त्याच माश्या दसूकीच्या खाटेवर. मी दारात श्वास भरून घ्यायची आणि आत शिरायची. ती जेली नवी असताना कितीही निर्मळ दिसो, तीन दिवस जखमेत राहिली की तिच्याकडे बघवत नाही. फुगते, पिवळी पडते, नाकातल्या शेंबडासारखी लोंबते, आणि वास असा की दिवसभर केसांतून जात नाही. ते सगळं चिमट्यानं उपसायचं, मिठाच्या पाण्यानं भोक धुवायचं, नवा तुकडा बसवायचा, बांधायचं. चार श्वासांत मी मोकळी व्हायची. मधले श्वास घ्यायला तोंड दाराकडे. फिक्रिया चहा ठेवायची, तो मी कधी घेतला नाही. घरी आले की कोपरापर्यंत हात साबणानं दोनदा धुवायची, तरी रात्री भाकरी तोडताना बोटांना वास आल्यासारखा वाटायचा.

समजावून सांगायचं राहिलं म्हणता येणार नाही. मी ते जाणूनबुजून टाळलं. समजवायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की तो वास जिभेवर येतो. पहिल्या दिवशी कागद मी फिक्रियाच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, तिच्या तिन्ही मुलींच्या जन्माच्या कागदांवर मीच तिचा अंगठा घेतला होता. तिनं तो कागद डोळ्यांना लावला आणि आरशामागं खोचला.

आणि इतकं करूनही जखम भरत होती, हे विशेष. महिन्याभरात हिरवं गेलं, पिवळं गेलं, तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस दिसायला लागलं. बोट जायचं त्या भोकात आता करंगळीचं टोकसुद्धा जेमतेम मावलं असतं. शहरात दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर हातिमनं दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तो पाय दाखवला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, हे यांच्या हाताचं काम. मी लाजल्यासारखं केलं. मनातून मला वाटत होतं, आणखी सहा आठवडे, मग हे भोक मिटेल आणि त्या बदकांच्या अंगणात मला पाऊल टाकावं लागणार नाही. दसूकी डॉक्टरला एकच विचारत होता, चाकावर कधी बसू? डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्याच्या मध्यावर बसाल. घरी परतताना मायक्रोबसमध्ये दसूकी गुडघ्यावर बोटांनी ताल धरून होता.

गावात मात्र दुसरंच चाललं होतं. येणारा-जाणारा खाटेशी टेकायचा, चहा प्यायचा आणि अक्कल पाजळायचा. ओलं ठेवून कधी कुणाची जखम बरी झाली का? शेजारच्या कुंभाराचं म्हणणं, ती जेली म्हणजेच पू आहे, डॉक्टर वरून पू घालतायत आणि बरं केल्याचं नाव घेतायत. कुणी डाळिंबाची साल वाटून लावायला सांगितली, कुणी पुन्हा कॉफी. दसूकी सगळ्यांना म्हणायचा, हकीमाला विचारतो.

त्यानं विचारलं. शनिवार होता. सोमवारी शम्म अल-नसीम, वसंताचा सण, आणि मी पाच दिवसांची रजा टाकून दुपारच्या गाडीनं दमनहूरला बहिणीकडे निघाले होते. सणाला आमच्याकडे फसीख खातात, मिठात मुरवलेला मासा. तो इतका मुरवायचा की बरणी उघडली की गल्लीला कळतं. तो आणायचं काम माझ्याकडे होतं आणि दुकानासमोर रांग लागली असणार होती. मी दसूकीची पट्टी दोन श्वासांत बांधली. मंगळवारी बदलायची ती गुरुवारी बदलू, चालेल, असं फिक्रियाला सांगितलं. पेटीवर ठळक लिहिलं होतं तीन दिवस, मला काय वाचता येत नव्हतं? उठले, दाराकडे वळले, तेव्हा दसूकी म्हणाला, "हकीमा, ही ओल अशीच राहिली तर आतून कच्चंच राहील ना? वाळवायला लागेल ना?"

माझ्या छातीत श्वास संपत आला होता. "हो, हो," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

सण झकास झाला. बहिणीच्या गच्चीवर बसून कांद्याच्या पातीबरोबर मी दोन फसीख खाल्ले, बोटं चाटली. जगातला सगळ्यात कुजका वास आम्ही रांग लावून विकत घेतो, तो चालतो. माणसाच्या पायाचा चालत नाही.

गुरुवारी सकाळी त्याच्या गल्लीत शिरले तर नेहमीचा वास नव्हता. वेगळाच होता, केस जळल्यासारखा. खाट रिकामी. फिक्रिया परसात बदकांना दाणे टाकत होती, तिनं नुसतं भट्टीकडे बोट केलं. दसूकी भट्टीला पाठ लावून स्टुलावर बसला होता. भट्टीच्या खांद्याला एक सपाट विटांचा कट्टा असतो, त्यावर कच्ची भांडी सुकायला ठेवतात. तिथं दोन सुरयांच्या मधोमध त्यानं उजवा पाय ठेवला होता, उघडा.

"काय करताय उस्ता?"

"वाळवतोय." तो हात पुसून उठायला लागला, सलाम करायला. मी ओरडले, हलू नका. तेव्हा तो बसल्या बसल्याच सांगायला लागला, शिकाऊ माणसाला सांगावं तसं शांतपणे. मंगळवारी जेली आपोआप निसटून चटईवर पडली. पिवळी, केवढी तरी. म्हणजे आत पू वाढला. "आता भांड्याचं बघा हकीमा. आत ओल राहिली आणि भट्टीत घातलं तर ते फुटतं. आधी कट्ट्यावर सुकवायचं, अगदी हाडापर्यंत, मग ते पक्कं होतं. मंगळवारपासून दोन-दोन तास ठेवतोय. काल सब्रीनं भट्टी पेटवली, म्हणून आज लवकर आवरतंय. आणि मी अंदाज घेतला हो, असा कसा ठेवीन? हात लावून बघितला आधी. हाताला सोसतंय तेवढंच ऊन आहे."

पंचेचाळीस वर्षं भट्टीतून तापलेली भांडी काढणारा तो हात. मी कट्ट्याला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं.

पाय उचलून बघितला. तळव्याची कातडी टाचेपर्यंत विटेला चिकटून राहिली. जे उरलं ते काही ठिकाणी काळं, काही ठिकाणी मेणासारखं पांढरं. डाळिंबाचे दाणे कुठंच नव्हते. फोडांतून पाणी वाहत होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या. मी कडेला जाऊन ओकले. पाच दिवस खाल्लेलं सगळं मिठाचं, माशाचं, कांद्याचं. दसूकी घाबरला. फिक्रियाला हाक मारून म्हणाला, हकीमाला काहीतरी बाधलं, लिंबू आण.

मी त्याच्यावर तुटून पडले. गाढव म्हटलं, अडाणी म्हटलं, आपल्या हातानं आपला पाय भाजून खाणारा म्हटलं. कुणी सांगितलं हे शहाणपण तुम्हाला?

तो गोंधळला. मग अगदी हळू, चुकून एखाद्याची चुगली होऊ नये अशा आवाजात म्हणाला, "तुम्हीच, हकीमा. शनिवारी, जाताना."

शहरात डॉक्टर हातिमनं पाय बघितला आणि पेन खिशात ठेवून दिलं. सडणं घोट्याच्या वर चढलं होतं, ताप होता, हाड काळवंडलं होतं. आता पंज्यानं भागणार नव्हतं, गुडघ्याखाली चार बोटांवर कापायचं ठरलं. कागद भरताना त्यानं मला विचारलं, "मिस अवातिफ, जखम ओली का ठेवायची ते तुम्ही याला समजावलं होतं ना? आणि जेली वेळेवर बदलली ना?"

दोन्हीला मी हो म्हटलं. कसलाही वास नव्हता तिथं, फिनेलचा सोडून. श्वास रोखायचं कारण नव्हतं. तरी 'हो' इतकं पटकन निघालं की मी स्वतःच चकित झाले. डॉक्टरनं लिहिलं, रुग्णाचा हलगर्जीपणा.

कापलेला अवयव आमच्यात टाकून देत नाहीत, माणसासारखा पुरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या माणसानं जाड पिशवीत गुंडाळलेला तो पाय आणून विचारलं, घरचं कोण? फिक्रिया नवऱ्याच्या उशाशी होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. सब्री पुढं झाला, पिशवी हातात घेतली, तिचं वजन त्याला कळलं आणि पिशवी बाकावर ठेवून तो जिन्यात पळाला. तिथं भिंतीला धरून उभा राहिला तो परत आलाच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नर्स ना मी, मला काय त्याचं?

मी ती मांडीवर घेऊन मायक्रोबसमध्ये बसले. पिशवीतून गार लागत होतं. शेजारची बाई बराच वेळ पिशवीकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, मटण कुठल्या खाटकाकडून आणलंत, चांगलं वजनदार दिसतंय. मी पिशवी आणखी पोटाशी ओढली.

कब्रस्तानात अम बयूमी, म्हणजे बयूमीकाका, कबरी खोदायचं काम करतो. त्यानं दसूकीच्या बापाच्या कबरीशेजारी हातभर खोल खड्डा घेतला. म्हणाला, यावर नमाज नसते, पण स्वच्छ करून कापडात गुंडाळून ठेवायचा असतो. तो पाणी आणायला गेला. मी पिशवी उघडली, आणि सवयीनं छाती भरून घेतली. तो श्वास संपला. दुसरा संपला. पाय धुऊन व्हायला वेळ लागणार होता, म्हणून मग नाकानं श्वास घ्यायला लागले. वास होता तो होताच, पहिल्यापेक्षा वाईट. मी तो घेत राहिले आणि धूत राहिले. पंज्याची वरची बाजू तशीच्या तशी होती, रुंद, बोटं फाकलेली. टाचेच्या भेगांत मातीच्या राखाडी रेघा होत्या. त्या मी ब्रशनं घासल्या, पण पंचेचाळीस वर्षांची माती ती, निघाली नाही. सत्तावीस वर्षांत मी कुणाच्या अंगाला इतका वेळ हात लावला नव्हता. आणि लावला तेव्हा माणूस त्या पायाला जोडलेला नव्हता. मला स्वतःची शिसारी आली, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, तोंडात कडू आलं.

दवाखान्यात परतले तेव्हा दसूकी जागा होता. चादर गुडघ्यापर्यंत उंच होती, पुढं सपाट. जखमेवर नवी जेली बसवायची होती, ती डॉक्टर हातिमनं माझ्यासाठीच ठेवली होती. फिक्रिया नमाज पढायला गेली होती. दसूकीनं विचारलं, कुठं ठेवला? मी म्हणाले, वडिलांशेजारी. खोल घेतला ना, कुत्री असतात तिथं, असं म्हणाला. मी हो म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं.

मी पट्टी सोडायला लागले. म्हटलं, उस्ता, मी रजेवर जायला नको होतं, शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी नीट ऐकलंच नाही. एवढं बोलायला मला मायक्रोबसचा अख्खा रस्ता लागला होता.

"छे हो," तो म्हणाला. "चूक माझी. वाळवायचं म्हणालात, ते कसं, किती, हे मला विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण तुम्ही श्वास रोखून उभ्या होतात. नेहमीच असायच्या, ते का कळत नाही माणसाला? म्हटलं, आपल्या घाणीपायी बाईमाणसाला आणखी किती वेळ उभं करायचं." मग म्हणाला, "सकाळी डॉक्टर विचारत होते, हकीमांनी समजावलं होतं का. मी सांगितलं, दर वेळी समजवायच्या, मीच अडाणी."

जेली गार होती, थरथरत होती. मी ती जागेवर बसवली. खोलीत मास्कची काही गरज नव्हती, पण तो मी काढला नाही. माझं तोंड त्याला दिसू नये असं मला वाटत होतं.